साहेब नको म्हणून

नोकरी सोडून धंदा टाकणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘आता डोक्यावर साहेब नको.’ मग तो व्हिजिटिंग कार्डं छापतो, नावाखाली ‘फाउंडर’ लिहितो आणि पहिलं बिल पाठवतो. तिथून साहेबांची संख्या वाढायला लागते.

आता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या अकाउंट्समधला कारकूनसुद्धा साहेब. ‘बिल सहीला गेलंय’, ‘शेठ बाहेरगावी आहेत’, ‘मार्च एण्ड चाललाय’. हा मार्च एण्ड एप्रिलअखेरपर्यंत चालतो, हे पगार घेणाऱ्याला कधी कळतच नाही.

कायदा मात्र फाउंडरच्याच बाजूचा. 2006चा सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो की, लहान उद्योगाचे पैसे फार तर 45 दिवसांत चुकते करा. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. फार सुंदर कायदा. फ्रेम करून भिंतीवर लावावा. व्याज मागून बघा, पुढचं काम शेजारच्या फाउंडरला गेलंच म्हणून समजा.

महाराष्ट्रात पगारातून व्यवसाय कराचे महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले की आपण कुरकुरायचो. आता वर्षाचे 2,500 स्वतःच, 30 जूनच्या आत भरायचे. कुरकूर ऐकायला एचआरही नाही.

तरी सोडायचीच असेल तर खुशाल सोडा. फक्त क्रेडिट कार्ड राजीनाम्याआधी काढून घ्या. नंतर बँक फाउंडरकडे दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते.