नाव मोठं, दुखणं खरं

कंबर दुखते म्हणणाऱ्या बाईसाठी आपल्याकडे उत्तरं तयार असतात. ‘वय झालं आता.’ ‘जरा टेकून बस.’ ‘आम्ही विहिरीवरून पाणी आणायचो, आमची नाही कधी दुखली.’ तीच बाई स्कॅनिंग सेंटरची भलीमोठी पिशवी घेऊन रिक्षातून उतरली की घराचा नूर पालटतो. ‘एल-फोर, एल-फाइव्हला बल्ज आहे’ हे वाक्य सासूबाईंच्या कानावर पडायचा अवकाश, पाण्याची बादली धाकटा मुलगा उचलतो, खाली बसून भाजी चिरणं बंद होतं, आणि इतकी वर्षं सिलिंडर कोण सरकवत होतं हा प्रश्न नवऱ्याला पहिल्यांदाच पडतो. दुखणं कालचंच असतं. त्याला नाव तेवढं मिळालेलं असतं.

शहाणी माणसं या प्रकाराला मूर्खपणा म्हणतात. नुसत्या नावासाठी हजारो रुपये मोजायचे आणि दुखणं तसंच घेऊन घरी यायचं, यात कसला आनंद, असा त्यांचा सवाल असतो. मी या मूर्खपणाच्या बाजूने आहे. त्याची व्हावी तेवढी स्तुती अजून झालेली नाही.

आधी त्या रिपोर्टचंच पाहू. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते, तिला आपण गादी म्हणतो. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांवर शरीराचा भार मोठा येतो. तिथली गादी वयाप्रमाणे सुकते, थोडी बाहेर फुगते, आणि रिपोर्टात ‘डिफ्यूज डिस्क बल्ज’ असे शब्द उमटतात. शहाणी माणसं इथे १९९४ सालचा अमेरिकेतला एक अभ्यास पुढे करतात. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर त्यांतल्या ५२ टक्के लोकांना निदान एका ठिकाणी बल्ज निघाला. सगळ्या गाद्या धडधाकट असलेले जेमतेम ३६ टक्के. म्हणजे बल्ज दिसला म्हणून तोच दुखतोय असं काही नाही, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा बरोबर आहे. मला मात्र त्या आकड्यात वैद्यकाचं औदार्य दिसतं. काहीच दुखत नसलेल्या निम्म्या लोकांनाही जी पदवी मिळते, ती खरोखर दमलेल्या बाईच्या हाती लागण्याची शक्यता केवढी मोठी! शिक्षण, जात, ओळखपाळख यांतलं काहीही न विचारता मिळणारी अशी दुसरी पदवी निदान माझ्या माहितीत नाही.

पिशवीतली ती फिल्म पुढे कपाटावर, लग्नाच्या अल्बमशेजारी जाऊन बसते. पाहुणे आले की खाली येते, ट्यूबलाइटसमोर धरली जाते. काळ्या-करड्या पट्ट्यांत कोणाला काही कळत नाही, तरी एक काका ‘हं, इथे दबलंय’ म्हणून बोट ठेवतातच. त्या बोटाची किंमत करू नये. जिच्या पाठीकडे वीस वर्षांत कोणी पाहिलं नाही, तिच्या पाठीकडे आता सगळं घर उजेडात डोळे बारीक करून पाहतं.

डॉक्टरांचा दुसरा उपकार कागदावरचा. तुम्ही म्हणता स्नायू दुखतात, ते लिहितात मायाल्जिया. तुम्ही म्हणता सांधे दुखतात, ते लिहितात आर्थ्राल्जिया. ग्रीकमध्ये या दोन शब्दांचा अर्थ अनुक्रमे स्नायू दुखतात आणि सांधे दुखतात एवढाच. आपलंच वाक्य आपल्याला परत मिळतं, पण लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. ‘उसण भरली’ असं लिहून रजेचा अर्ज टाकून पाहा, साहेब तो टेबलाभोवतीच्या सगळ्यांना वाचून दाखवतील. त्याच जागी ‘लंबर मसल स्पाझम’ लिहा, अर्ज मुकाट्याने मंजूर होतो. पायात वांब आला म्हणून कोणी मॅचमधून बाहेर पडत नाही. हॅमस्ट्रिंग मात्र खेचली जाते, आणि वर्तमानपत्रात बातमी येते.

शरीरशास्त्रज्ञांनी या कामात कसूर ठेवलेली नाही. १८९५ साली बासेलला त्यांनी शरीराच्या भागांच्या लॅटिन नावांची एक यादी मंजूर करून घेतली. एकाच अवयवाला देशोदेशी वेगळं नाव असायचं, तो गोंधळ त्यामुळे पुष्कळ कमी झाला. नावं आखूड करण्याचा मोह मात्र त्यांनी टाळला. नाकपुडी आणि वरचा ओठ उचलणाऱ्या चिमुकल्या स्नायूला लिव्हेटर लेबिआय सुपीरिऑरिस अलिक्वी नेझाय म्हणतात. शेजारणीच्या आमटीचा वास आल्यावर आपण जो वापरतो, तोच हा. एवढ्याशा कामाला एवढं नाव देणाऱ्या माणसांनी पाठीच्या कण्याचा केवढा मान ठेवला असेल!

सगळ्यात सुंदर उदाहरण अंगठ्याच्या मुळाशी आहे. अंगठा वर-बाहेर नेणाऱ्या दोन शिरा मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात. तान्ह्या बाळाला काखेत धरून पुनःपुन्हा उचललं, पिळे पिळले, जड कढया उतरवल्या की त्या बोगद्याचं आवरण जाड होतं आणि शिरा घासू लागतात. अंगठा मुठीत मिटून मनगट करंगळीकडे वाकवलं की डोळ्यांत पाणी येतं. बाळंतिणींना हा त्रास फार. इंग्रजी वैद्यकात याला पूर्वी धोबिणीची लचक म्हणत. मग १८९५ सालीच फ्रिट्झ डी क्वेर्वेन या स्विस शल्यविशारदाने त्याचं वर्णन केलं आणि दुखणं त्यांच्या नावावर झालं. धोबिणीवर अन्याय झाला असं कोणी म्हणेल, मला तसं वाटत नाही. धोबिणीची लचक झालेल्या सुनेला कोणतं घर म्हणेल, ‘राहू दे गं, कपडे मी धुते’? धुणं म्हटलं की लचकायचंच! पण ‘आई, मला डी क्वेर्वेन झालंय’ म्हटल्यावर सासूबाईंना ते नाव उच्चारता येत नाही, आणि ज्याचा उच्चार जमत नाही त्याला हिणवताही येत नाही.

टेनिस एल्बोचंही तसंच. तो झालेल्या बहुतेकांनी रॅकेट कधी हातात धरलेली नसते. ओल्या चादरी पिळून, पोळ्या लाटून, पाना फिरवून कोपराबाहेरच्या हाडाशी जोडलेली शीर दुखावते. म्हणून ‘पोळीवालीचं कोपर’ असं नाव सुचवण्याचा विचारही कोणी मनात आणू नये. जन्मात कोर्टाची पायरी न चढलेल्या बाईला खेळाडूचं दुखणं मिळतंय. मिळू द्यावं.

आपल्याकडे जुना इलाज होता, तो मी विसरत नाही. उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, म्हणजे जन्मताना पायांकडून बाहेर आलेला, आणि त्याच्याकडून कमरेत लाथ घालून घ्यायची. अचानक भरलेली कंबर बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप सुटते, तेव्हा त्याचं श्रेय लाथेला जायचं. आता ते कंबरपट्ट्याला जातं, एवढाच फरक. लाथ फुकट होती, पण तिची पावती मिळत नसे. पावती नसलेल्या दुखण्याला आपल्या समाजात उभं राहायला जागा नाही.

याचा पुरावा पाहायचा तर उसाच्या फडात जावं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल त्या कोयत्याला फेडायची असते. बाई वाकून ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिच्या मणक्यांवर येणारा भार हा कुठल्याही पाठ्यपुस्तकाने धडा लिहावा असा आहे. पण तिची कंबर नुसती दुखते. एल-फोर नाही, बल्ज नाही, रॅडिक्युलोपॅथी नाही. त्यामुळे ती कोपीत पडून राहिली तर त्याला आजार म्हणत नाहीत. त्याला खाडा म्हणतात आणि त्याचे पैसे कापले जातात.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. हा मूर्खपणा शहरात अडवून ठेवू नका, फडापर्यंत पोचवा. साखर कारखान्यांनी हंगामात डॉक्टरांची गाडी पाठवावी. पाठीला हात लावून तपासावं, आणि प्रत्येक बाईला जमेल तितकं लांब नाव लिहून द्यावं, लंबोसॅक्रल, मायोफेशियल, जे लागू असेल ते. खाली विश्रांतीचे दिवस आकड्यात लिहावेत. मजकूर देवनागरीत असावा, अक्षर मोठं असावं, आणि त्याची एक प्रत मुकादमाच्या हातात द्यावी.