तांबुलाचा निर्देशांक

माहूरगडावर रेणुकामातेचा प्रसाद म्हणून तांबूल मिळतो. विड्याची पानं, कात, सुपारी, बडीशेप, सगळं कुटून एकजीव केलेलं. शंभर वर्षांत तो किती महागला, एवढंच एका अर्थतज्ज्ञाला आणि एका इतिहासकाराला विचारून पाहा.

अर्थतज्ज्ञ दुपारच्या चहापर्यंत उत्तर देतो. जुना भाव सापडला नाही तरी त्याचं अडत नाही. तो गृहीत धरतो. पानाची जात, कुटणारीचे हात, दुष्काळ, सगळं 'इतर परिस्थिती कायम' या पोत्यात कोंबतो आणि रेघ ओढून मोकळा होतो. रेघ चढती असली की झाला विकास!

इतिहासकार पैनगंगेतच अडकतो. संस्थानी काळात नदीच्या अलीकडे, माहूरच्या बाजूला, निजामाचा हाली रुपया चाले, पलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार. साधारण ७ हाली म्हणजे ६ कलदार. मग यवतमाळकडच्या भाविकाला तांबूल स्वस्त पडला, की सराफानेच वटणावळीत त्याचा खिसा हलका केला? म्हणून दप्तरं उघडायची. काही मोडीत, काही उर्दूत. दहा वर्षांनी जाडजूड ग्रंथ येतो. निष्कर्ष : चित्र गुंतागुंतीचं आहे.

१९९३ साली फोगेल आणि नॉर्थ या अर्थतज्ज्ञांना अर्थशास्त्र आणि इतिहास या दोन्ही विद्यांची सोयरीक जमवल्याबद्दल नोबेल मिळालं. आपल्याकडे अजून पत्रिकाच जुळताहेत.

तर वाचकहो, आजोबांची यात्राखर्चाची वही माळ्यावर असेल तर खाली काढा. हाली की कलदार, तेवढं बघून ठेवा. आणि अर्थतज्ज्ञाच्या हाती ती आधी देऊ नका, सरासरी काढेल.