तसे म्हणायचे नव्हते!

मित्रमंडळींच्या घरगुती पोकरमध्ये तोंडाने केलेली बोली बंधनकारक मानावी की नाही, या प्रश्नाचा निकाल ती बोली ऐकून समोरच्याचा चेहरा पडला की खुलला, एवढ्याच पुराव्यावर आजवर लागत आला आहे. "दोनशे!" अशी गर्जना करणारा गृहस्थ, प्रतिपक्षाचा हात निर्विकारपणे चिप्सच्या ढिगाकडे वळताच, "अरे, मी आपला मोठ्याने विचार करत होतो" अशी कैफियत गुजरतो, आणि हाच सत्पुरुष, दुसऱ्या कोणी चकली चावता चावता "फोल्ड" असे नुसते पुटपुटले रे पुटपुटले, की त्याची पाने स्वहस्ते जप्त करून तेलकट बोटांनी गड्डीत मिसळून टाकतो.

मांडवीवर तरंगणाऱ्या कॅसिनोंत खेळतात त्या शिस्तीच्या पोकरने असल्या तकरारींना वावच ठेवलेला नाही. आपली पाळी असताना उच्चारलेला शब्द हीच कृती. आणि "तुझे शंभर, शिवाय वर दोनशे" असे चित्रपटातील नायकाच्या थाटात बजावणाऱ्याचे पहिले शंभर तेवढे कॉल म्हणून कायम होतात, वरचे दोनशे मुकाट परत घ्यावे लागतात. या कठोरपणाचे कारण सरळ आहे: अर्धी बोली हवेत सोडून, भोवतालच्या मुद्रांची झडती घेऊन, मग उरलेली अर्धी करावी की नाही हे ठरवणारा मनुष्य दुसऱ्याची पाने फुकटात वाचत असतो.

बरे, सरकारदरबारी दाद मागावी, तर 1872 च्या करार कायद्याचे 30 वे कलम पैजेचा करार मुळातच निरर्थक ठरवते, मग तो तोंडी असो वा स्टँपपेपरावर; आणि मुंबई इलाख्याने तर त्याहीआधी, 1865 साली, पैजेला साह्यभूत होणाऱ्या करारांवरही पाणी फिरवले होते, सबब डाव चालू ठेवण्यासाठी मित्राला दिलेल्या हातउसन्याची वसुलीही त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवणे प्राप्त आहे. (यजमान फराळाच्या नावाखाली प्रत्येक डावामागे हिस्सा कापू लागला, तर मात्र 1887 चा जुगारबंदीचा कायदा त्याची विचारपूस करू शकतो.)

राहता राहिला यजमान. आधी स्वतःलाच हरून बसलेल्याला पत्नी पणास लावण्याचा अधिकार उरतो काय, हा द्रौपदीचा सवाल तोंडी पणाच्या वैधतेचाच होता, आणि तेथे प्रत्यक्ष भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून निकाल टाळला, मग "काय रे, रेज म्हणाला ना हा?" असे विचारताच ज्याला नेमके त्याच क्षणी स्वयंपाकघरातून बर्फ आणायचे आठवते, त्या आमच्या यजमानाला कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

माझे मत विचाराल, तर पाळीवर बोललेला शब्द विनातक्रार वसूल करावा, मग बोलणारा कितीही जुना दोस्त असो. अपवाद फक्त यजमानाच्या सासऱ्यांचा. त्यांनी "रेज" म्हटले आणि पाने वाईट निघाली, तर ती खोकल्याची उबळ होती, असे दप्तरी नोंदवावे.