थोडंसंच घासलंय

महाडहून सवच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे माणसं दुखरे गुडघे घेऊन जातात. पोर्टिंगवाला शाबूत गुडघ्यांनी जातो आणि भाजलेलं बोट घेऊन परततो. आईला मागे बसवून नेण्याचं निमित्त असतं. आई कुंडात पाय सोडून बसली, की हा झाडाखाली गाडी उभी करून पाना काढतो, सायलेन्सर उतरवतो आणि एक्झॉस्टच्या भोकात बोट घालून आतली कड चाचपतो. इंजिन तापलेलंच असतं. बोट झटकत तो म्हणतो, ‘‘अजून थोडंसं वर घेता येईल.’’

त्याची गाडी यामाहा आरएक्स-100 हे वेगळं सांगायला नको. एस्कॉर्ट्सने ती 1985 साली आणली आणि 1996 साली ती बंद झाली, तेव्हा हा शाळेत होता. 98 सीसी, 11 अश्वशक्ती, वजन शंभरेक किलो. बोअर 50 मिलिमीटर, स्ट्रोकही 50 मिलिमीटर. हे आकडे तो पाढ्यांसारखे म्हणतो. मुलाची इयत्ता विचारली, तर मात्र बायकोकडे बघतो.

पोर्टिंग म्हणजे काय, हे न विचारताही तो समजावून सांगतो. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारख्या झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या, म्हणजे पोर्ट, असतात आणि पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो, मिटतो. खिडकी घासून वर सरकवली, की ती लवकर उघडते. आरएक्सच्या सिलिंडरमध्ये एक्झॉस्टची कड एक मिलिमीटर वर घेतली, तर पिस्टन सुमारे अडीच अंश आधीच दार उघडतो. 7500 आरपीएमला हे दार सेकंदाला 125 वेळा उघडतं. त्या हिशेबात एक मिलिमीटर म्हणजे किती मोठी गोष्ट, हे तो चहाच्या कपावर नखाने रेघ मारून दाखवतो. चहा निवतो.

हत्यारं साधी आहेत: हातातला ग्राइंडर, त्याला लावायचा बर, पॉलिश पेपर आणि शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक. शेवटची वस्तू मुलाची. भूमितीच्या पेपरच्या दिवशी ती घरात सापडली नव्हती.

खरी गंमत तो माझदावर आला की सुरू होते. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाचा टेम्पो किंवा शाळेची बस आठवते. त्याला आठवते ती आरएक्स-7. ‘‘नावातच आरएक्स आहे बघा!’’ फेलिक्स वांकेलच्या रोटरी इंजिनात पिस्टन नाही. पोट सुटलेल्या समोशासारखा तिकोनी रोटर शेंगेच्या आकाराच्या पोकळीत फिरतो. झडपा तिथेही नाहीत; खिडक्या उघडायचं, मिटायचं काम रोटरच करतो. म्हणजे ग्राइंडरला तिथेही वाव आहे! 1991 साली माझदाच्या चार रोटरच्या 787बी गाडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. त्या इंजिनाचा आवाज त्याच्या फोनवर रिंगटोन आहे. मयताच्या घरी तो एकदा वाजला. चारचौघांनी माना वळवल्या. त्याने आवाज कमी केला, पण पूर्ण वाजू दिला.

रोटरीवाल्यांच्या पायऱ्याही त्याने पाठ केल्या आहेत. पहिली स्ट्रीट पोर्ट: बाजूच्या लोखंडी तबकडीतली खिडकी बेताने रुंद करायची, गाडी बाजारहाटाला चालली पाहिजे. दुसरी ब्रिज पोर्ट: खिडकीशेजारी भुवईसारखी आणखी एक खाच पाडायची आणि मध्ये अरुंद पूल ठेवायचा, नाहीतर रोटरच्या कोपऱ्यातलं सील खाचेत पडतं. अशी गाडी जागेवर उभी असताना उचकी लागल्यासारखी धडधडते. तिसरी पेरिफेरल: थेट बाहेरच्या आवरणालाच भोक. ती शर्यतीची. पोर्टिंगवाला तोंडाने कायम पहिल्या पायरीवर असतो. ‘‘थोडंसंच घासलंय, स्ट्रीट पोर्ट!’’ हात मात्र तिसरीवर पोचलेला असतो.

त्याची किंमत आंबेनळी घाटात कळते. खिडकी वर गेली की ताकदही वर सरकते. वरच्या आरपीएमला इंजिन पेटून उठतं, खाली मात्र मेल्यासारखं असतं. महामार्गावर पोलादपूरपर्यंत तो भल्याभल्यांना मागे टाकतो. पोलादपुरातून महाबळेश्वरकडे वळून चढ लागला, बायको मागे, मांडीवर तांदळाची पिशवी, वळणावर समोरून एसटी आली, की वेग मोडतो आणि इंजिन नुसतं गुरगुरतं. मग बायको उतरते.

‘‘अहो, कंपनीने काढली तेव्हा ही चढ चढत होती ना?’’

‘‘तेव्हा हिला टॉप नव्हता.’’

‘‘आणि आता?’’

तेवढ्यात दुधाच्या किटल्या लावलेली जुनी स्प्लेंडर शेजारून टुकटुक वर निघून जाते. तिचं इंजिन 97.2 सीसी, म्हणजे ह्याच्यापेक्षा किंचित लहानच. तो तिच्याकडे बघत नाही.

कायदाही त्याच्या बाजूचा नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठणकावून सांगितलं. त्यावर त्याचं म्हणणं असं, की पोर्ट आत असतो, आत कोण बघतो? बघायची गरजच नसते. गाडी बाजारपेठेत शिरली, की शेवटच्या दुकानदारालाही कळतं.

धातू एकदा घासला की परत येत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. म्हणून त्याने कंपनीचा एक कोरा सिलिंडर, बर न लागलेला, ऑइलच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे. जुलै 2021 च्या महाडच्या पुरात पाणी घरात शिरलं, तेव्हा माणसं धान्य माळ्यावर चढवत होती. ह्याने आधी ती पेटी चढवली. घरात त्यावरून आठवडाभर अबोला होता.

पेटी अजून माळ्यावरच आहे. किल्ली बायकोच्या कमरेला असते.