प्रेमी वगळून प्रेम

एके काळी महाराष्ट्रात १४ फेब्रुवारी आली की भेटकार्डांचा दुकानदार गिऱ्हाइकाआधी मोर्चाची वाट पाहायचा. कार्यकर्ते यायचे, कार्डांची होळी पेटवायचे, छायाचित्रकार पोचेपर्यंत ती विझू द्यायचे नाहीत, आणि संस्कृती पुढच्या वर्षापर्यंत वाचायची. आता त्या कार्यकर्त्यांना नातवंडं झाली आहेत. नातवंडं लाल टी-शर्ट घालून, बदामाच्या आकाराचा फुगा घेऊन बालवाडीत जातात आणि आजोबा तो फोटो ‘आमचा छोटा व्हॅलेंटाइन’ म्हणून स्टेटसला ठेवतात.

याला संस्कृतीचा पराभव म्हणायला माझी तयारी नाही. हा दोन बड्या पक्षांनी केलेला समझोता आहे. बाजाराला सण हवा होता आणि संस्कृतीला युगुलं नको होती. मग ठरलं असं की सण ठेवायचा, युगुलं काढायची. त्यांच्या रिकाम्या जागी आई-बाबा, आजी, शिशुवर्गातली मुलं आणि वेळ पडलीच तर गाय.

गाय मी पदरची घातलेली नाही. २०२३ साली केंद्राच्या पशुकल्याण मंडळानं १४ फेब्रुवारीला गायीला मिठी मारण्याचं रीतसर आवाहन केलं होतं. देशभर हसं झाल्यावर १० तारखेला ते मागेही घेतलं. या सगळ्यात गायीचं मत कुणी विचारलं नाही. पण प्रेमाच्या मामल्यात समोरच्याचं मत विचारायची आपल्याकडे पद्धत होती कधी? त्याआधी २०२० साली अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वेच्या एका महिला महाविद्यालयात, व्हॅलेंटाइन डेच्या आदल्या दिवशी, मुलींना प्रेमविवाह न करण्याची शपथ देण्यात आली. हुंडा मागणाऱ्याशी लग्न करणार नाही, हेही त्याच शपथेत होतं. म्हणजे हुंडा आणि प्रेम या दोन्ही सामाजिक रोगांवर एकाच सुईत लस. प्रेमिकांनी दाद मागावी तरी कुणाकडे? खुद्द संत व्हॅलेंटाइनना कॅथलिक चर्चनं १९६९ साली आपल्या सार्वत्रिक पंचांगातून वगळलं. जिथं संताचीच तारीख कापली गेली, तिथं भक्तांना कोण विचारतो!

या सणात आमच्या भिवंडीचा मान मोठा आहे. भिवंडी मुंबईच्या जकात नाक्याबाहेर पडायची म्हणून इथं गोदामं उभी राहिली. २०१७ साली जकात गेली, गोदामं वाढतच राहिली. माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे, सगळीकडे पत्र्याची छपरं. जिथं भात व्हायचा तिथं आता फेब्रुवारीत टेडी पिकतात. अर्ध्या मुंबईचं प्रेम आमच्याकडे रॅकवर रचलेलं असतं आणि तिथून निघून अंजूरफाट्याच्या कोंडीत तासभर उभं राहतं. आमच्या शेजारचा पोरगा अशाच एका गोदामात पॅकिंगला आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात त्याला सुट्टी मागायची सोय नाही, कारण लोकांचं प्रेम वेळेत पोचलं पाहिजे. त्याचं स्वतःचं अजून जमायचं आहे. जमवायला लागणारा वेळ दुसऱ्यांच्या खोक्यांवर चिकटपट्टी लावण्यात जातो.

गावातल्या उरलेल्या प्रेमिकांनी वऱ्हाळदेवी तलावाच्या काठी जावं म्हटलं, तर तिथं अर्धं गाव फेऱ्या मारत असतं आणि त्यात दोन मामा आणि एक काका हमखास निघतात. म्हणून सगळ्यात सुरक्षित जागा एकच, आपलं घर. घरी व्हॅलेंटाइन साजरा करायचा म्हणजे नवरा-बायकोनं मुलांच्या देखरेखीखाली प्रेम करायचं. कार्यक्रमपत्रिका पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेली असते: ७ तारखेला गुलाब, ९ला चॉकलेट, १०ला टेडी, ११ला वचन. मधल्या आणि शेवटच्या काही तारखा शिशुवर्गाचा विचार करून गाळलेल्या असतात.

आमच्याकडे सूत्रसंचालन आठवीतल्या मुलीकडे असतं. “बाबा, आता आईला गुलाब द्या. असा नाही, गुडघ्यावर बसून.” गुडघ्याचा आणि माझा अबोला जुना, तरी बसतो. बायको म्हणते, “अहो, उठा आता, आमटी उतू जातेय.” हेच त्या संध्याकाळचं सगळ्यात प्रेमळ वाक्य. माझी आई विचारते, “आज बारसं कुणाचं?” बिटाच्या पोळ्या वाटीनं दाबून आणि सुरीनं तासून बदामाच्या आकाराच्या केलेल्या असतात. कापून उरलेल्या कडा बापानं खायच्या. मग दिवे मालवून मेणबत्त्या लावतात. भारनियमनाच्या काळात या यंत्रमागांच्या गावानं वर्षानुवर्षं मेणबत्तीत जेवण केलं, तेव्हा तो प्रणय आहे हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वीज खात्याला एवढ्या शिव्या बसल्या नसत्या. शेवटी फोटो निघतो, स्टेटसला लागतो, आणि गुलाब सकाळी देवघरात जातो. आई म्हणते, फ्रीजमध्ये ठेवून काय करायचाय?

हे सगळं गोडच आहे. माझी शंका पुढची आहे. कागदी बदाम कापणारा सहा वर्षांचा मुलगा कधीतरी चोवीस वर्षांचा होतो. एका संध्याकाळी चाचरत म्हणतो, “बाबा, एक मुलगी आहे.” त्या वेळी लाल फुगे लावणाऱ्या त्याच दिवाणखान्यात पहिला प्रश्न येतो, “कुठल्यातली?” उत्तर दुसऱ्या जातीचं असलं तर आईचा रक्तदाब वाढतो. दुसऱ्या धर्माचं असलं तर अख्ख्या इमारतीचा. १९५४च्या विशेष विवाह कायद्यानं अशा जोडप्याची नोटीस तीस दिवस कार्यालयात लावून ठेवतात, कुणाची हरकत असली तर कळावी म्हणून. तेवढ्यानं भागेना, तेव्हा राज्य सरकारनं डिसेंबर २०२२मध्ये आंतरधर्मीय विवाहांची माहिती ठेवायला समितीही नेमली. शिशुवर्गाच्या प्रेमाला मात्र अजून हरकतीचा फॉर्म नाही. तोवर करून घ्या.

समितीच हवी असेल तर भिवंडीकडे चांगला नमुना आहे. या गावानं १९७० आणि १९८४ साली दंगली भोगल्या. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या बसवल्या. हिंदू आणि मुसलमान शेजारी ठरवून एकत्र बसू लागले, गटारापासून अफवांपर्यंत सगळं बोलू लागले, एकमेकांना नावानं ओळखू लागले. १९९२-९३ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या बैठकांना ना फुगे होते ना चॉकलेट, आणि कुणी गुडघ्यावर बसल्याचीही नोंद नाही. अनोळखी माणसाला आधी बसवून घ्यायचं आणि मग बोलायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. जे अख्ख्या गावाला जमलं ते दोन खोल्यांच्या घराला जमायला हरकत नसावी.

तेव्हा पालकहो, यंदा फुगे लावा, पोळ्यांचे बदाम करा, मुलांना प्रेम शिकवा. फक्त शिकवलेलं मुलं शिकतात, हा धोका ध्यानात ठेवा. आणि उद्या त्यांनी एखादं नाव घरात आणलं, तर आडनाव विचारण्याआधी चहा विचारा.