हरकती व सूचना
(एकपात्री विनोदी प्रयोग)

(रंगमंचावर एक प्लॅस्टिकची खुर्ची. तिच्यावर रबरबँड लावलेली जाडजूड फाइल. विशीतला मुलगा येतो. सॅक पाठीवर नाही, छातीवर. दोन्ही हातांनी ती घट्ट धरलेली.)

सॅक पुढे आहे कारण पश्चिम रेल्वेनं आलोय. काढतो, थोडा वेळ द्या, अजून बोरिवली गेल्यासारखं वाटत नाहीये.

विरारचं कोण आहे इथं? हात वर करा. लाजू नका. (शोधतो) अच्छा, काका, तुम्ही! दरवाज्याजवळच बसलात. सवय जात नाही ना? काका, प्रयोग संपल्यावर मला उतरू द्याल? मी मीरा रोडचा आहे. विरार फास्टमध्ये मीरा रोडचा माणूस चढला, की आधी त्याची चौकशी होते, मग त्याच्या आईवडिलांची.

तर मी मीरा रोडचा, आणि त्यातही नया नगरचा. हे सांगितलं की लोकांना दोन प्रश्न पडतात. पहिला ते विचारतात, "तिथं कबाब कुठं चांगले मिळतात?" दुसरा विचारत नाहीत. नुसते बघतात. जानेवारी 2024 मध्ये आम्ही देशभर बातम्यांत होतो. 21 तारखेच्या रात्री मारामारी, दोन दिवसांनी बुलडोझर. त्यावर माझ्याकडे विनोद नाही. लिहून बघितला होता. दादीनं ऐकला आणि म्हणाली, "हसू नाही आलं रे." आमच्या घरी सेन्सॉर बोर्ड तीच आहे. चला, पुढे.

(सॅक काढतो, खुर्चीला अडकवतो.)

मी राज्यशास्त्र शिकतो. अब्बा पाहुण्यांना "कॉमर्स" सांगतात. आणि मला एक छंद आहे, जाहीर नोटिसा वाचायचा. पेपरात आतल्या पानावर असतात बघा, मुंगीनं चष्मा लावून वाचाव्यात एवढ्या अक्षरांत. "याद्वारे तमाम नागरिकांस कळविण्यात येते की..." त्या तमाम नागरिकांपैकी मी एक वाचतो. बाकीचे तमाम शेजारचं राशिभविष्य वाचतात. आणि नोटिशीच्या शेवटी काय असतं? "हरकती व सूचना सात दिवसांच्या आत लेखी सादर कराव्यात." लेखी! सादर! मला कुणीतरी काहीतरी विचारतंय! आमच्या घरात "जेवायला काय करू" हेसुद्धा मला कुणी विचारत नाही.

अशीच एक नोटीस आली 2025 मध्ये. झाडं तोडण्याची.

मेट्रो 9 माहितीय ना? दहिसर ते मीरा-भाईंदर. मेट्रो हवी की नको? हवीच! (काकांकडे हात करून) यांच्या तावडीतून सुटायला हवी. पण दिवसभर पळालेल्या मेट्रोला रात्री पडायला जागा लागते, तिला म्हणतात कारशेड. ती आधी राई-मुर्ध्याला होणार होती. तिथले शेतकरी म्हणाले, आमच्या जमिनीवर नको. मग ती सरकली डोंगरीला, उत्तनच्या वाटेवर. डोंगरीला टेकडी, टेकडीवर झाडी, आणि आकडा अकरा-बारा हजार झाडांचा.

मी पेपर घेऊन अब्बांकडे गेलो. "अब्बा, डोंगरीत बारा हजार झाडं तोडतायत!"

अब्बा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "डोंगरीत? झाडं?"

"हो!"

"मी डोंगरीत जन्मलो. डोंगरीत वाढलो. अख्ख्या डोंगरीत मिळून बारा झाडं नव्हती. हजार कुठून आली?"

"अब्बा, ती मुंबईतली डोंगरी. ही भाईंदरची."

"आणि कारशेड?"

"तीही भाईंदरच्या डोंगरीत."

"मग ठीक. मी म्हटलं, आमच्या डोंगरीच्या उमरखाडीत मेट्रो झोपवणार कुठं? तिथं आम्ही सात जणं पाळीपाळीनं झोपायचो."

अब्बांना डोंगरी म्हटलं की तीच डोंगरी. 1993 मध्ये सोडली त्यांनी. शहर पेटलं होतं, विझल्यावर पुष्कळ लोक सामान बांधून इकडं आले. तेव्हा नया नगरच्या कडेनं खाजण होतं, मिठागरं होती, आणि अब्बा म्हणतात, डास एवढे होते की ते आम्हालाच भाडं मागायचे.

(फाइल उघडतो.)

मग मी कायदा वाचला. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975. त्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली, आणि त्या दुरुस्तीवर माझं प्रेम आहे. एक झाड तोडलं, तर त्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. चाळीस वर्षांचं तोडलं, चाळीस लावा. आणि पन्नास वर्षं किंवा जास्त वय असेल, तर ते झाड हेरिटेज!

हे मी दादीला वाचून दाखवलं. दादी खेड तालुक्यातली. रत्नागिरी जिल्हा. तिनं अडकित्ता थांबवला.

"पन्नासच्या वर हेरिटेज?"

"हो दादी."

"मग मी अठ्ठ्याहत्तर." (अब्बांकडे बघितल्याचा अभिनय) "ऐकलंस? परवा म्हणालास ना, आई, तुझी खाट बाल्कनीत हलवू? हलवून दाखव. नोटीस काढावी लागेल. पेपरात."

अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि यांना तोडलं तर बदल्यात अठ्ठ्याहत्तर सासवा?" तेव्हापासून आमच्या घरात दादीला कोणी हात लावत नाही.

तर मी हरकत लिहिली. मुद्देसूद. वृक्षगणना कुठंय, पर्यायी जागेचा विचार झाला का, बदल्यातली झाडं नेमकी कुठं लावणार? आणि घेऊन गेलो एका कार्यालयात. कुठल्या ते सांगत नाही, तुम्ही आपापलं डोळ्यांसमोर आणा, तेच ते. खिडकीतले साहेब म्हणाले,

"कोणाकडून?"

"माझ्याकडून."

"संस्था?"

"नाही."

"पक्ष?"

"नाही."

"नुसते तुम्ही?" (वरून खाली बघत) "राहता कुठं?"

"नया नगर."

"झाडं डोंगरीला, तुम्ही नया नगरला. तुमचा काय संबंध?"

"हवेचा संबंध आहे साहेब."

"हवा अजून कुणाचीच नाही इथं. निवडणूक जाहीर होऊ दे, मग कळेल."

(प्रेक्षकांना) मी श्वासाबद्दल बोलत होतो!

झाडांचं कशाला, आमच्या बिल्डिंगमागं तिवरं आहेत. तुम्ही पुस्तकात कांदळवन म्हणता. 17 सप्टेंबर 2018 ला मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, तिवरं तोडणं म्हणजे माणसाच्या जगण्याच्या हक्कावर घाला, आणि तिवरांभोवती 50 मीटर मोकळे ठेवा. हे वाचून मी टेप घेऊन खाली उतरलो. तिवरांपासून मोजत आलो. दहा मीटर... वीस... तीस... आणि टेप जाऊन टेकली आमच्याच सोसायटीच्या पार्किंगला. सेक्रेटरी गॅलरीत उभे होते. म्हणाले, "काय मोजतोयस?" म्हटलं, "कोर्टाचा आदेश." ते म्हणाले, "आधी टेप गुंडाळ, मग वर ये, मग तुझा मेंटेनन्स मोजू."

2020 मध्ये तर महाराष्ट्रानं पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवन वृक्ष केलं. म्हणजे बघा, आंबा राज्यवृक्ष, शेकरू राज्यप्राणी, आणि चिप्पी! मी छाती फुगवून आमच्या तिवरांत चिप्पी शोधायला गेलो. झाडांना लटकलंय काय? काळी पिशवी. प्लॅस्टिकबंदी 2018 ची, पिशवी ताजी, आत कोलंबीची सालं. बाजूला डायपर. आणि सगळ्यात वर, हात जोडून हसणारा, एक फ्लेक्स. "पर्यावरण दिनाच्या हार्दिक शुभेच्छा."

दादीला हे कोर्टबिर्ट पटत नाही. ती म्हणते, "तिवरं असली की उधाणाचं पाणी घरात येत नाही, हे आमच्या गावात शेळ्यांना पण ठाऊक होतं."

(खुर्चीवर बसतो.)

आता दादीवरून आठवलं. जुलै 2025. मराठीचा मुद्दा. एप्रिलमध्ये सरकारनं पहिलीपासून हिंदीचा आदेश काढला, 29 जूनला मागं घेतला, आणि आदेश गेला तरी भांडण उरलं. ते कुठं राहायला आलं? मीरा रोडला! आमच्याकडे भाडी कमी आहेत ना. दुकानदाराला मारहाण, व्यापाऱ्यांचा बंद, मग 8 जुलैला मराठीसाठी मोर्चा, 18 तारखेला राज ठाकऱ्यांची सभा. स्टेशनवर टीव्हीवाले एवढे, की प्रवाशांना उभं राहायला जागा नाही.

त्या गर्दीत एकानं मला धरलं. "ए, मराठी येते का?"

म्हटलं, "येते की."

"बोलून दाखव."

"बोलतोच आहे."

तो गोंधळला. "नाव काय?"

नाव सांगितलं. तो जास्त गोंधळला. मग एकदम प्रेमात आला. "अरे वा! छान बोलतोस रे! कुठं शिकलास?"

"घरी."

"घरी कोण मराठी आहे?"

"सगळे."

"नाही, म्हणजे... मूळचे?"

मूळचे! काका, माझी दादी, तिची दादी, तिची पणदादी खेडच्या मातीत. दादीला मराठीशिवाय भाषाच येत नाही. नया नगरात भाजीवाल्याशी भांडायला ती मला दुभाष्या म्हणून नेते! ती म्हणते, "मेल्या, कोथिंबीर शिळी देतोस?" मी त्याला सांगतो, "दादी पूछ रही है, ताज़ा है क्या?" दोन्हीकडे शांतता मी राखतो. आणि इकडं स्टेशनवर मला शाबासकी! मी त्याला म्हटलं, "तुमचंही मराठी छान आहे हो." तो म्हणाला, "थँक्यू."

(उठतो.)

पाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण पाणीही थोडकंच आहे. सूर्या नदीची योजना 403 दशलक्ष लिटरची, त्यात मीरा-भाईंदरचा वाटा 218. वसई-विरारला आमच्या आधी पोचलं. (काकांकडे रोखून) पाणीसुद्धा तुम्ही आम्हाला चढू देत नाही.

मग हे सगळं सांगायचं कुणाला? नगरसेवकाला. नगरसेवक कुठंय? 2017 ला निवडणूक झाली, ऑगस्ट 2022 मध्ये मुदत संपली. मी अठरा वर्षांचा कधी झालो? 2022! मी मतदार यादीत आत, नगरसेवक बाहेर. पुढं जवळजवळ साडेतीन वर्षं प्रशासक. राज्यशास्त्राच्या पेपरात प्रश्न आला, "स्थानिक स्वराज्य संस्था ही लोकशाहीची पाठशाळा आहे, चर्चा करा." मी लिहिलं, "पाठशाळेला सुट्टी आहे."

आणि उघडली तर कशी! 15 जानेवारी 2026. एका प्रभागात चार नगरसेवक, एका माणसाला चार मतं. साडेतीन वर्षं एकही नाही, मग एकदम चार! रिक्षाचं आणि आमच्या लोकशाहीचं वेळापत्रक एकच माणूस बनवतो. बोटाला शाईऐवजी मार्कर लावला. अब्बा घरी येऊन साबणानं हात घासत होते. म्हटलं, "अब्बा, घोटाळा करताय?" म्हणाले, "नमाजला वुजू करतोय, नालायका."

पण खरी मजा प्रचारात झाली. पहिलं पॅनेल आलं. चार उमेदवार, चार हार, मागं ढोल. दादी दारात. पहिला वाकला, "अम्माजी, आशीर्वाद दीजिए!"

दादी म्हणाली, "मराठीत माग."

चौघं एकमेकांकडे बघायला लागले. दादीनं मला हाक मारली, "फाइल आण." माझी फाइल! तिनं सांगितलं तसा कागद मी आदल्या रात्रीच लिहिला होता. हरकत नव्हती, सूचना होती. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात जी लावाल, त्यातली काही नया नगरात लावा. त्यात दोन शेवगे हवेत. दादीच्या खिडकीसमोर, शेंगा हाताला येतील असे. चौघांनी सह्या केल्या. वाचलं एकानंही नाही. दुसऱ्या पक्षाचे आले, त्यांच्याही घेतल्या. तिसरे आले. अपक्ष आले. एक जण चुकून दुसऱ्या प्रभागातून आला, दादीनं त्यालाही सोडलं नाही.

निकाल लागला. मी तो कागद घेऊन परत त्याच खिडकीत गेलो. साहेब तेच.

"कोणाकडून?"

"वाचा."

त्यांनी चष्मा लावला. (बोट फिरवत) "हे सत्ताधारी... हे विरोधी... हे तर एकमेकांवर केस घालून बसलेत... सगळेच? सगळ्यांना मान्य आहे?"

"सह्या बघा."

साहेब बराच वेळ कागद उलटापालटा करत बसले. मग चष्मा काढून मला विचारतात, "अहो, मग हे अडलंय कुठं?"

म्हटलं, "पोच द्या साहेब, शिक्का मारून. शोधून सांगतो."

(फाइल काखेत मारतो, सॅक छातीवर चढवतो आणि प्रेक्षकांमधून दरवाज्याकडे घुसत निघतो.)

काका, जरा सरका. उतरायचंय... उतरायचंय... अहो, मीरा रोड आलं!

(अंधार.)