होम लॅपटॉपची पायरी

विंडोजच्या होम आवृत्तीला कार्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या डोमेनमध्ये, म्हणजे त्यांच्या सामायिक जाळ्यात, प्रवेश नाही. ही शिस्त २००१ च्या एक्सपी होमपासून कसोशीने पाळली जाते. यंत्र तेच, पडदा तोच. प्रो आवृत्तीची किल्ली विकत घेऊन टाइप केली की तोच लॅपटॉप पुन्हा सुरू होताना शुद्ध होतो. सोवळं-ओवळं इतकं सुटसुटीत करणारी दुसरी व्यवस्था नाही.

चेन्नईच्या जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर आयटी कंपनीच्या फाटकावरचा पहारेकरी लॅपटॉपचा सिरीयल नंबर वहीत उतरवतो, आवृत्ती मात्र विचारत नाही. ही ढिलाई दूर व्हावी: प्रोवाल्यांना स्टीलच्या पेल्यातली फिल्टर कॉफी, होमवाल्यांना कागदी कपात पाणी.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे अख्खं ऑफिसच घरी मुक्कामाला आलं. तेव्हाही होम लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, पण डोमेनबाहेरच बसला.